परदेशी विद्यार्थ्यांना ऑनलाइन बहासा इंडोनेसिया कशी शिकवावी: पहिल्या हाकेपासून यूकेबीआय परीक्षेपर्यंत

बहासा इंडोनेसिया सोपी आहे असं जो तो सांगतो, आणि पहिला महिनाभर ते पटतंही. लिपी रोमन, बहुतेक शब्द लिहिले तसे वाचायचे, नामाला लिंग नाही, क्रियापदाला काळाचे किंवा पुरुषाचे प्रत्यय नाहीत. मग विद्यार्थी जकार्ताला उतरतो, ऑफिसातल्या वयाने मोठ्या बाईंशी बोलताना त्यांना बेधडक 'कामू', म्हणजे 'तू', म्हणतो, आणि बाई हसून विषय बदलतात. वाक्यात व्याकरणाची एकही चूक नसते. फक्त ते वाक्य त्या बाईंना म्हणायचं नसतं.

म्हणून माझं सगळं शिकवणं एका गोष्टीभोवती फिरतं: कोण कोणाशी बोलतंय हे ठरल्याशिवाय वाक्य शिकवायचं नाही. व्हिडिओ कॉल, व्हॉइस नोट, फ्लॅशकार्ड, भाषांतराची यंत्रं ही सगळी साधनं त्याच कामाला लावायची. नोकरीनिमित्त इंडोनेशियात राहून ज्यांना भाषा चांगली आली, किंवा दार्मासिस्वा शिष्यवृत्तीवर तिथे वर्षभर शिकून जे परतले आणि आता शिकवू पाहतात, अशांसाठी हा लेख आहे. (दार्मासिस्वा ही इंडोनेशिया सरकारची शिष्यवृत्ती 1974 मध्ये आसियान देशांसाठी सुरू झाली; आता भारतासह जगभरातले विद्यार्थी तिथे जातात.) परदेशी लोकांना बहासा शिकवण्याच्या या शाखेला तिकडे 'बिपा' म्हणतात. अर्थ सरळ आहे: परभाषकांसाठी इंडोनेशियन.

एक पार्श्वभूमी मनात असू द्या. 28 ऑक्टोबर 1928 ला तरुणांच्या परिषदेत ऐक्याची भाषा म्हणून जी निवडली गेली ती सर्वांत जास्त लोकांची जावानीज नव्हती. बंदरांत आणि बाजारांत चालणाऱ्या मलायवर उभी असलेली ही भाषा निवडली गेली. देशात 718 प्रादेशिक भाषा नोंदल्या आहेत, आणि असंख्य इंडोनेशियन लोकांची घरची भाषा वेगळीच असते. त्यामुळे तुटकी बहासा बोलणाऱ्याला तिथे सहसा कोणी हसत नाही. हे पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याला सांगा. त्याची भीड अर्धी होते.

पायरी 1: विद्यार्थी कोण, ते आधी विचारा

पुस्तक ठरवण्याआधी एक छोटा गूगल फॉर्म पाठवा. भाषा कुठे वापरणार? कोणाशी? आधी कोणत्या भाषा येतात? आठवड्याला किती वेळ देता येईल? शेवटी स्वतःबद्दल मिनिटभराची व्हॉइस नोट मागा, कोणत्याही भाषेत चालेल. त्या नोटवरून माणसाचा वेग आणि भीड दोन्ही कळतात.

उत्तरं फार वेगवेगळी येतात आणि त्यांनी अभ्यासक्रमच बदलतो. पुण्याहून जकार्ताला बदली झालेल्या कुटुंबाला आधी ड्रायव्हर, घरकामाच्या बाई आणि भाजीवाला यांच्याशी बोलायचं असतं. नेदरलँड्समधल्या एखाद्या विद्यार्थिनीला आजोबांची जुनी पत्रं वाचायची असतात. तिला 1972 च्या आधीचं लेखन दाखवावं लागतं, कारण आज 'च'साठी जिथे एकच सी लिहितात तिथे तेव्हा टी आणि जे ही जोडी असे, आणि त्याआधी 1947 पर्यंत 'उ'साठी ओ आणि ई. तिला बाजारातली घासाघीस शिकवून उपयोग नाही.

बिपाचे अधिकृत 7 स्तर आहेत. इंडोनेशियाच्या सरकारी भाषा संस्थेने, म्हणजे बादान बहासाने, या स्तरांची पाठ्यपुस्तकं तयार केली आहेत आणि ती इंटरनेटवर मोफत मिळतात. ती आधाराला ठेवा, पण क्रम विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे लावा.

पायरी 2: वेळापत्रक लावताना तिकडचं घड्याळ आणि पंचांग बघा

इंडोनेशियात 3 प्रमाणवेळा आहेत. भारतापेक्षा जकार्ता दीड तास पुढे, बाली अडीच तास, पापुआ साडेतीन तास. तास सहाला ठेवू म्हटलं तर कुठले सहा, हे प्रत्येक वेळी लिहून कळवा.

पुढे तुम्ही विद्यार्थ्याला स्थानिक संभाषण-सोबती जोडून देणार आहात. त्या सोबत्यांपैकी बरेच जण मुस्लिम असतील. जकार्ता विषुववृत्ताजवळ असल्याने सूर्यास्त वर्षभर सहाच्या आसपास होतो, आणि तीच माग्रिबच्या नमाजाची वेळ. त्या अर्ध्या तासात कॉल ठेवू नका. शुक्रवारची दुपार मोकळी सोडा. रमजानमध्ये संध्याकाळी उपवास सोडायच्या सुमारास कोणाला अडकवू नका, आणि लबारानच्या, म्हणजे ईदच्या, आठवड्यात सगळा देश गावी गेलेला असतो, तेव्हा सुट्टीच द्या. बालीतला सोबती असेल तर न्यपीचा दिवस टाळा. त्या दिवशी बालीत विमानतळही बंद असतो आणि 2018 पासून मोबाइल डेटाही बंद ठेवतात. न्यपी हे तिथलं शक वर्षाचं नववर्ष. 2023 मध्ये ते आणि आपला गुढीपाडवा दोन्ही 22 मार्चलाच आले होते.

हे सगळं स्वतःच्या डायरीत ठेवून थांबू नका. वेळ ठरवायचं काम विद्यार्थ्यालाच द्या: 'उद्या संध्याकाळी जमेल का' हे त्याने सोबत्याला बहासात विचारावं. उत्तरात 'माग्रिबनंतर' असं आलं की तो शब्द त्याला जन्मात शिकवावा लागत नाही.

पायरी 3: पहिला तास फक्त हाकेचा

बहासात 'तुम्ही'साठी सगळीकडे चालेल असा एक शब्द नाही. 'आंदा' हा पुस्तकात असतो, जाहिरातीत आणि फॉर्मवर असतो, पण समोर बसलेल्या माणसाला तो कोरडा वाटतो. 'कामू' मित्राला किंवा लहानांना. मोठ्यांना, अनोळखी माणसांना, शिक्षकांना, बँकेतल्या बाईंना 'बापाक' आणि 'इबू', बोलताना 'पाक' आणि 'बू'. तरुण विक्रेत्याला किंवा रिक्षावाल्याला जावामध्ये 'मास', मुलीला 'म्बाक'. बांडुंगच्या सुंदानीज भागात 'आकांग' आणि 'तेतेह', मिनांग लोकांत 'उदा' आणि 'उनी', बालीत पुरुषाला 'ब्ली'. काहीच कळत नसेल तर तरुण माणसाला 'काकाक', थोडक्यात 'काक', बहुतेक ठिकाणी चालतं.

मराठी विद्यार्थ्याला हे समजवायला वेळ लागत नाही. आपणही अनोळखी माणसाला काका, मावशी, दादा, ताई म्हणतोच. पण पुढची गोष्ट त्यालाही सरावाने शिकवावी लागते: हीच हाक वाक्यात सर्वनामाच्या जागी बसते. 'इबू माउ मिनुम आपा?' म्हणजे 'तुम्ही काय पिणार?', आणि ते समोरच्या इबूंनाच विचारलेलं असतं. अमेरिकन विद्यार्थ्याला हे वाक्य कुठल्या तरी तिसऱ्या बाईबद्दल आहे असं वाटतं.

तास असा घ्या. स्क्रीनवर एकेक फोटो आणा: शाळेच्या गणवेशातली मुलगी, पन्नाशीचे दुकानदार, गोजेक या ॲप-टॅक्सीचा हिरव्या जाकिटातला तरुण चालक, विद्यापीठातल्या प्राध्यापिका. प्रत्येक फोटोला विद्यार्थ्याने फक्त हाक मारायची आणि वेळेप्रमाणे अभिवादन जोडायचं: सकाळी 'सलामात पागी', अकराच्या सुमारापासून 'सियांग', तीननंतर 'सोरे', अंधार पडला की 'मालाम'. फोटो भराभर बदला. शेवटी त्यांचे स्वतःचे फोटो टाका आणि एकमेकांना हाका मारायला सांगा. आपल्याला पाक म्हणवून घ्यायचं की मास, यावर वर्गात चर्चा रंगते, आणि तीच चर्चा हवी असते.

याच आठवड्यात 'किता' आणि 'कामी' उरकून घ्या. मराठीत हाच भेद 'आपण' आणि 'आम्ही' यांच्यात आहे, त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला एक वाक्य पुरतं. इंग्रजी, डच, जपानी बोलणाऱ्यांना मात्र पुन्हा पुन्हा सराव द्यावा लागतो. 'आज रात्री किता बाहेर जेवायला जाणार' असं त्यांनी घरमालकिणीला सांगितलं तर ती तयार होऊन बसेल, असं उदाहरण दिलं की भेद लक्षात राहतो.

पायरी 4: उच्चारासाठी व्हॉइस नोट

उच्चाराचा सराव तासात कमी आणि व्हॉट्सॲपवर जास्त घ्या. रोज एक नोट: तुम्ही तीन वाक्यं पाठवा, विद्यार्थ्याने ऐकून तशीच परत पाठवावीत, आणि तुम्ही एकच दुरुस्ती सांगावी. एका नोटला पाच दुरुस्त्या दिल्या की नोटा यायच्या बंद होतात.

अडचणी ठरलेल्या आहेत. रोमन 'ई' हे अक्षर दोन स्वर दाखवतं, आपला ए आणि आपला अ. 'सलामात'मधला पहिला स्वर अ आहे, पण मराठी विद्यार्थी अक्षर बघून 'सेलामात' म्हणतो. 'आपल' म्हणजे सफरचंद आणि 'आपेल' म्हणजे हजेरीसाठी रांगेत उभं राहणं, लेखन मात्र दोन्हींचं एकच. देवनागरी येणाऱ्यांना पहिले काही आठवडे शब्द देवनागरीत लिहून ठेवू द्या, हा घोळ होतच नाही. बाकीच्यांना केबीबीआय हा अधिकृत कोश उघडायला शिकवा, तो इंटरनेटवर आहे आणि जिथे गोंधळ होऊ शकतो तिथे स्वर खुणेने दाखवतो. शेवटचा 'क' बहुतेकदा घशातच अडवायचा. इंग्रजी बोलणारे प-त-क म्हणताना हवा सोडतात, मराठी माणसाला प आणि फ वेगळे असल्याने तो प्रश्न येत नाही.

पायरी 5: शब्द सोलायला शिकवा

इथे खरा व्याकरणाचा डोंगर आहे, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ देते. बहासाची क्रियापदं काळाने बदलत नाहीत, पण उपसर्ग-प्रत्ययांनी खूप बदलतात. 'म' हा उपसर्ग लागताना मूळ शब्दाचं पहिलं अक्षर कधी राहतं, कधी गळतं. 'बाचा'चं 'मम्बाचा', वाचणं, ब शाबूत. पण 'तुलिस'चं 'मनुलिस', लिहिणं, त गेला. 'किरिम'चं 'मंगिरिम', पाठवणं, क गेला. 'सापू'चं 'मन्यापू', झाडणं. 'पुकुल'चं 'ममुकुल', मारणं. क, त, प, स ही चार अक्षरं गळतात, एवढं पक्कं झालं की विद्यार्थी वर्तमानपत्रातला अनोळखी शब्द हातात घेऊन मूळ शोधू शकतो. छापील कोशात शब्द मुळाखाली लावलेले असतात, 'मनुलिस' शोधायचं तर 'तुलिस'खाली जावं लागतं. मूळ सापडल्याशिवाय कोश उपयोगाचा नाही.

याचे फ्लॅशकार्ड अँकीत किंवा क्विझलेटमध्ये करा, पण सुटा शब्द आणि अर्थ असे नकोत. कार्डाच्या एका बाजूला रिकामी जागा असलेलं पूर्ण वाक्य आणि मूळ शब्द, दुसऱ्या बाजूला योग्य रूप आणि तुमच्या आवाजातलं वाक्य. एका मुळाचं कुटुंब एकत्र ठेवा: 'बलाजार' शिकणं, 'मंगाजार' शिकवणं, 'पंगाजार' शिक्षक, 'पलाजारान' धडा. आठवड्याला दोन-तीन कुटुंबं खूप झाली. कार्डं विद्यार्थ्याने स्वतः करावीत, तुम्ही फक्त तपासायची. तयार संच उतरवून घेणारे बहुधा महिनाभरात ॲप उघडायचं सोडतात.

काळ दाखवणारे शब्द लवकर आटपतात: 'सुदाह' झालं, 'सदांग' चालू, 'आकान' होणार, 'बलुम' अजून नाही. त्यातल्या 'बलुम'वर थोडं थांबा. 'लग्न झालं का?' हा प्रश्न तिथे सहज विचारला जातो, आणि अविवाहित माणसाचं साधं उत्तर 'बलुम' असतं. 'तिदाक', म्हणजे ठाम नकार, म्हटलं की समोरचा गप्प होतो.

पायरी 6: फोनमधली भाषा वर्गात आणा

पुस्तकी बहासा आणि बोलण्यातली बहासा यांत मोठं अंतर आहे. 'सुदाह'चं 'उदाह', 'बागाइमाना'चं 'गिमाना', 'साजा'चं 'आजा', शिवाय 'सिह', 'दोंग', 'कोक', 'कान' हे शेपटासारखे चिकटणारे शब्द. माझं मत स्पष्ट आहे: ऐकायला दोन्ही पहिल्या महिन्यापासून द्या, बोलायला मात्र आधी प्रमाण रूप. परदेशी माणसाने जास्त औपचारिक बोललेलं सगळे चालवून घेतात. पहिल्या भेटीत जकार्ताच्या पोरांसारखं 'गुए' (मी) आणि 'लू' (तू) केलेलं चालत नाही.

वाचनासाठी खरे स्क्रीनशॉट घ्या: जेवण मागवण्याच्या ॲपची यादी, रेल्वेचं तिकीट, सोसायटीच्या ग्रुपवरचा पाणी बंद असल्याचा निरोप. नावं आणि नंबर झाका. निरोपात अक्षरं गाळून लिहायची पद्धत आहे, 'यांग'साठी फक्त वाय आणि जी, 'बलुम'साठी बी-एल-एम. विद्यार्थ्यांनी आधी ते पूर्ण शब्दांत लिहावं, मग अर्थ लावावा.

आणि एक निरोप लिहायला नक्की शिकवा, तो म्हणजे शिक्षकाला पाठवायचा. परदेशी विद्यार्थी लिहितो: 'उद्या तास किती वाजता?' तिकडची रीत अशी असते:

'सलामात पागी, बू. मोहोन माआफ मंगांगू वाक्तुन्या. साया अमित, पसर्ता कलास बिपा दुआ. साया इंगिन बर्तान्या, आपाकाह बेसोक कलास तताप जाम सम्बिलान? तरिमा कासिह, बू.'

म्हणजे: सुप्रभात बाई. तुमचा वेळ घेतोय, माफ करा. मी अमित, बिपा दोनच्या वर्गातला. विचारायचं होतं, उद्याचा तास नऊलाच आहे ना? धन्यवाद, बाई.

याचे तुकडे करून फळ्यावर लावा: अभिवादन आणि हाक, माफी, ओळख, प्रश्न, आभार आणि पुन्हा हाक. प्रश्न चौथ्या जागी येतो हे विद्यार्थ्याला दिसू द्या. मग तोच निरोप मित्राला, घरमालकाला, कंपनीतल्या साहेबाला लिहायला लावा. कुठला तुकडा गळतो, कुठला लांबतो, यावर अख्खा तास जातो आणि तो सत्कारणी लागतो.

पायरी 7: खऱ्या माणसाशी बोलणं

दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याला एक इंडोनेशियन सोबती मिळवून द्या. भाषा शिकणारे विद्यापीठातले विद्यार्थी आनंदाने येतात, पण देवघेव बरोबरीची ठेवा: अर्धा वेळ बहासा, अर्धा वेळ त्यांना हवी ती भाषा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर दोघांची संमती आधी घ्या.

कॉलच्या आधी वर्गात सराव करून घ्यायचा विषय एकच निवडायचा तर मी नकार निवडते. 'नांती या', नंतर बघू, 'साया उसाहाकान', प्रयत्न करतो, 'इन्शाअल्लाह'. यातलं कुठलंही होकार असू शकतं आणि सौम्य नकारही. दोघांना समोरासमोर आणा. एकाने रविवारच्या लग्नाचं आमंत्रण द्यावं, दुसऱ्याने 'तिदाक' न वापरता ते टाळावं. नंतर बाकीच्यांनी सांगावं: हा येणार आहे की नाही, आणि कशावरून? स्वर, थांबणं, कारण दिलं की नाही, पुढची वेळ सुचवली की नाही, हे सगळं मुलं टिपायला लागतात. 'सुदाह माकान?' म्हणजे 'जेवलात का?' हे विचारपूस म्हणून येतं, हे आपल्याला सांगावं लागत नाही, पण जर्मन विद्यार्थ्याला ते आमंत्रण वाटतं.

विनंतीचे शब्दही इथेच पक्के होतात. मदत मागताना 'तोलोंग', औपचारिक विनंतीला 'मोहोन', वस्तू मागताना 'मिंता', दुसऱ्याला 'या, घ्या, बसा' म्हणताना 'सिलाकान'. मोठ्यांच्या समोरून जाताना 'पर्मिसी' म्हणून किंचित वाकायचं, वस्तू उजव्या हाताने द्यायची, जावामध्ये बोटाऐवजी अंगठ्याने दाखवायचं. कॅमेरा छातीपर्यंत दिसेल असा ठेवायला सांगा म्हणजे हातही दिसतात.

कॉलनंतर विद्यार्थ्याला दोनच प्रश्न विचारा: कुठे समोरचा थबकला, आणि तुला त्याचं काय वाटलं? 'इंडोनेशियन लोक असेच असतात' असं उत्तर आलं की थांबवा. मेदानचा बाताक माणूस तोंडावर स्पष्ट बोलेल, सोलोचा जावानीज माणूस तीच गोष्ट फिरवून सांगेल. त्या एका माणसाबद्दल, त्या प्रसंगाबद्दल बोलायला लावा. बाटिकचं कापड, वायांग हा छायाबाहुल्यांचा खेळ आणि रेंदांग हा मांसाचा पदार्थ यांचे व्हिडिओ दाखवून संस्कृतीचा तास झाला असं समजू नका.

पायरी 8: भाषांतराचं यंत्र तपासायला द्या

विद्यार्थी गूगल ट्रान्सलेट आणि चॅटबॉट वापरणारच. बंदी घालण्यापेक्षा त्यांना यंत्राचा परीक्षक करा. इंग्रजीतलं 'आम्ही तुम्हाला अहवाल पाठवू' हे वाक्य यंत्राकडे द्यायचं आणि आलेल्या वाक्यात शोधायचं: 'कामी' आलं की 'किता'? 'आंदा' आलं की 'कामू'? हे आपल्या इबूंना पाठवता येईल का? इंग्रजीच्या 'वी' आणि 'यू' या शब्दांत हा भेदच नसतो, त्यामुळे यंत्र अंदाज करतं. मराठी वाक्य देऊन 'आम्ही' आणि 'आपण' नीट उतरतात का तेही बघायला सांगा.

चॅटबॉट संवादाच्या सरावाला बरा पडतो, पण भूमिका नीट सांगायला हवी: 'तुम्ही सुराबायातल्या पन्नाशीच्या दुकानदार बाई आहात, मी वीस वर्षांचा परदेशी गिऱ्हाईक.' भाषा जरा पुस्तकी येते. त्यातली दोन-तीन वाक्यं सोबत्याला वाचून दाखवायची आणि 'तुम्ही असं म्हणाल का?' हे विचारायचं, एवढा नियम ठेवा.

पायरी 9: प्रगती मोजणं

दर महिन्याच्या शेवटी एकच विषय देऊन दोन मिनिटांची व्हॉइस नोट जपून ठेवा. तीन महिन्यांनी पहिली आणि शेवटची लागोपाठ ऐकवा.

प्रमाणपत्र हवं असेल तर यूकेबीआय ही बादान बहासाची परीक्षा आहे, परदेशी लोकांनाही देता येते. ऐकणं, भाषेचे नियम, वाचन, लेखन आणि बोलणं असे तिचे 5 विभाग, आणि निकालाच्या 7 श्रेणी, सर्वांत वर 'इस्तिमेवा' आणि सर्वांत खाली 'तरबातास'. 2021 पासून ती संगणकावर, उत्तरांप्रमाणे काठिण्य बदलत जाणारी अशी घेतात. 20 नोव्हेंबर 2023 ला युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने बहासाला आपल्या अधिकृत भाषांत घेतलं, त्यामुळे नोकरीसाठी प्रमाणपत्र विचारणारे विद्यार्थी येत असतील तर ही परीक्षा त्यांना सुरुवातीलाच दाखवून ठेवा. ती पूर्णपणे प्रमाण बहासात असते. फोनवरची भाषा फाडफाड बोलणारा विद्यार्थी तिच्यातल्या नियमांच्या विभागात हमखास अडखळतो, म्हणून परीक्षेआधीचे सहा आठवडे वर्तमानपत्राचा एक अग्रलेख रोज मोठ्याने वाचून घ्या आणि त्यातल्या 'म' उपसर्गाच्या प्रत्येक शब्दाचं मूळ वहीत लिहून काढायला लावा.